सात मोऱ्यांचा नकाशा

बाजारात शाळूच्या कोवळ्या कणसांच्या पेंढ्या दिसायला लागल्या, की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. मुलगा कुणाच्या तरी शेतावर हुरड्याला जायचा घाट घालतो, आणि मी विनाकारण चिडचिड करायला लागते. सून म्हणते, "थंडीनं सांधे धरले असतील आईंचे." मी म्हणते, "व्हय बाई, सांधेच." शेतावर गेलं तरी मी शेंगदाण्याची चटणी तेवढी चाटते आणि हुरड्याचं ताट पुढं सरकवते. दात नाहीत म्हणून सांगते. दात आहेत. आठ-दहा तरी आहेत.

यंदा तिसरी गोष्ट झाली. माझी नात सई फरशीवर पालथी पडून फोनवर बोटं फिरवत होती. कॉलेजातल्या चार पोरी मिळून रविवारी सायकलनं कुठंतरी जाणार होत्या.

"आज्जी, करमाडच्या पुढं खाणीकडं जुनी रेल्वे लाईन होती म्हणे. रूळ कधीच गेले, नुसता बांध राहिलाय. त्या बांधावरनं जाणारोत आम्ही. सकाळी निघून संध्याकाळी परत. माहितीये का तुला ती?"

"माहिती?" मी म्हटलं. "त्या लाईनीवर सायकलनं जायचा बेत मी दोन महिने करत होते."

सई उठून बसली. "तू? सायकल? मग गेलीस का?"

"तिसऱ्या मोरीपर्यंत."

मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे, हे तिला सांगावं लागलं. ओढ्याचं पाणी रुळाखालून जावं म्हणून दगडी कमान बांधतात, तिला रेल्वेवाले मोरी म्हणतात. त्या लाईनीला अशा सात मोऱ्या होत्या. सातवी ओलांडली की खाण आणि खाणीचं गाव.

"मग पुढं का नाही गेलीस?"

"पंक्चर झालं," मी म्हटलं, आणि दूध उतू जायच्या बेतात नसतानाही स्वयंपाकघरात गेले.

*

त्या वर्षी मी सतराची होते आणि माझ्याइतकी हुशार मुलगी साऱ्या शहरात दुसरी नाही, असं माझं स्वतःचं मत होतं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. गावांची नावं पुढं बदलली, मी माझं आधीच बदलून घेतलं होतं. दाखल्यावर मी भागीरथी. घरात भागा, आणि चुकलं की भागे. कॉलेजच्या वह्यांवर मात्र वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं, कु. भाग्यश्री. त्या श्रीच्या वेलांटीला मी एक फूलही काढायचे. आज ती वही हातात आली तर त्या फुलासकट चुलीत घालीन.

कुणी विचारलं, घरी कोण काय करतं, की मी म्हणायचे, "वडील रेल्वेत आहेत." हे वाक्य मी असं हळू, मान जराशी वाकडी करून म्हणायचे, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं टोपी घातलेला स्टेशनमास्तर उभा राहावा. माझा बाप लाईनीवर चाव्या ठोकायचा. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं मैलोनमैल चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या ज्या चाव्या ढिल्या झाल्या असतील त्या ठोकून पक्क्या करायच्या आणि तसंच चालत माघारी यायचं. त्यानं ठोकलेल्या लाईनीवरून गाड्या बिनघोर जायच्या. याची लाज वाटण्यासारखं काय होतं, हे आज मला कुणी समजावून सांगावं.

खरी लाज त्याच्याही मागची होती. आम्ही धनगराचे. बापाचं सारं बालपण त्याच खाणीच्या लाईनीच्या कडेनं शेरडं-मेंढरं राखण्यात गेलं. निजामाच्या राज्यात ती लाईन खडी वाहायला टाकलेली. पोलीस ॲक्शननंतर खाण बंद पडली, रूळ उचलायचं ठरलं आणि मजूर हवे म्हणून वस्तीवरचे तरणे गडी धरून नेले. ज्या रुळाला टेकून बाप भाकर खायचा तेच रूळ त्यानं उपटले. उपटता उपटता साहेबाच्या नजरेत भरला आणि रेल्वेचा झाला. आम्ही स्टेशनाजवळच्या एका खोलीच्या क्वार्टरात आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. तोवर वस्तीवर आत्याजवळ वाढले. बापाची थोरली बहीण, गंगू आत्या. शेरडाच्या खुरात काटा गेला की तिनं पाय धरायचा आणि मी चिमट्यानं काटा उपसायचा. शेरडू ओरडायचं, आत्या म्हणायची, "वरडू दे गं, तू वढ." माझा हात लई हलका आहे असं ती सगळ्यांना सांगायची. शहरात निघाले तेव्हा तिनं आपल्या कमरेचा तो लोखंडी चिमटा मला दिला. तो मी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या परकरात गुंडाळून ठेवला. मैत्रीण घरी आली आणि चुकून दिसला तर काय घ्या.

*

मैत्रीण म्हणजे वच्छी. वत्सला. देवगाव रंगारीच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजासाठी छावणीत मामाकडं राहायची. उंच, सावळी, बोलायला कमी. माझं बोलणं तिला पुरून उरायचं.

दिवाळीनंतर एक दिवस ती वर्गात आली ती डोळे सुजवून. वडिलांचा निरोप आला होता. शिक्षण पुष्कळ झालं, संक्रांत झाली की पाहुणे बघायला येतील, जमलं तर माघात उरकून टाकू. वच्छीला मास्तरीण व्हायचं होतं. पहिलीच्या पोरांना फळ्यावर 'ग' शिकवायचा, एवढंच तिचं स्वप्न, त्याहून मोठं काही नाही.

"अण्णा एकाच माणसाचं ऐकत्यात," ती म्हणाली. "माझ्या आत्याचं."

तिची आत्या बालविधवा. शिकून मास्तरीण झालेली आणि त्या खाणीच्या गावातल्या शाळेत एकटी राहणारी. ती देवगावला येऊन भावासमोर बसली की भाऊ मान खाली घालायचा म्हणे. संक्रांतीच्या आत तिला गाठायचं आणि देवगावला धाडायचं. पण गाठायचं कसं? जालना रोडवरचा एकूण एक कंडक्टर मामांना ओळखायचा. घरचं टपाल मामांच्या हातून जायचं.

"तुझ्या पत्त्यावरनं कार्ड टाकू का तिला?" वच्छीनं विचारलं.

इथं आमच्या भाग्यश्रीबाई बोलल्या. "छे गं. कार्डानं कुठं अशी कामं होतात? समक्ष गेलं पाहिजे. आपण जाऊ. सायकलनं. मला एक वाट माहीत आहे."

एक कार्ड. चार ओळी. स्टेशनसमोरच्या लाल पेटीत मी रोज येता-जाता ते टाकू शकले असते. पण कार्डात सायकल नव्हती, वारा नव्हता, ओढणी उडणार नव्हती. वच्छीचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं आणि मला सहल सुचत होती.

*

त्या थंडीला अर्धवट जळलेल्या कोळशांचा वास आहे. इंजिनातून लाईनीवर पडलेले ते कोळसे आई टोपलीत वेचून आणायची, त्यांच्यावर शेगडी पेटायची. बाप दिवस मावळताना यायचा, घोंगडी झटकायचा आणि शेगडीपुढं बसायचा. मी वही घेऊन समोर.

"दादा, खाणीच्या लाईनीवर काय काय लागतं?"

"कशाला गं?"

"भूगोलाला आहे."

भूगोलाला असली वस्तू असते हे त्याला खरं वाटलं. शेगडीतला विझका कोळसा घेऊन त्यानं फरशीवर लाईन ओढली. "करमाड सोडलं की डावीकडं वळली बघ. ही पहिली मोरी, बुटकी. दुसरीत वटवाघळं. तिसरीला लिंबाचं झाड, तिथं सावली. चौथी मोठी, तीन कमानींची, तिच्यावरनं वारं लई." बोलता बोलता त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. चौथ्या मोरीच्या वाऱ्यात एकदा त्याचं पागोटं उडालं ते कसं तीन कोसांवर सापडलं, हे सांगताना तो हसत होता. मी वैतागून म्हटलं, "ते राहू द्या, पाचवी सांगा."

मग मी नकाशा काढला. सात मोऱ्या निळ्या पेन्सिलीनं, झाडं हिरव्या. कुठं पाणी प्यायचं, कुठं धपाटे खायचे, कुठं कोणतं गाणं म्हणायचं, सगळं लिहिलेलं. छावणीतून करमाड पंधरा मैल, पुढं लाईनीनं आठ. पहाटे निघालं तर उन्हं चढायच्या आत खाणीत, आत्याशी बोलणं, दिवेलागणीला घरी. इतका देखणा बेत मी पुढं संसारातही कधी केला नाही.

पहिला रविवार ठरला तो कार्तिकातला. तेव्हा माझे कपडे तयार नव्हते. साडीवर सायकल कशी चालवायची, म्हणून शेजारच्या क्वार्टरातल्या रझियाची सलवार-कमीज मागितली होती, ती मला आखूड झाली. दुसऱ्या रविवारी सलवारीची शिवण उसवून झाली पण ओढणीचा रंग जुळेना. तिसऱ्या रविवारी भाड्याच्या सायकलींच्या दुकानात लेडीज सायकल शिल्लक नव्हती, नुसत्या काळ्या दांडीवाल्या होत्या, आणि दांडीवाल्या सायकलीवर मी कशी दिसेन? वच्छी दर सोमवारी विचारायची, "ह्या रविवारी पक्कं ना?" मी म्हणायचे, "अगं, बेत कसा पद्धतशीर पाहिजे." चौथ्या रविवारी मला शिंका येत होत्या. पाचव्या रविवारी मी नकाशा शाईनं गिरवत बसले.

कार्तिकात निघालो असतो तर बांध मोकळा होता.

*

ज्यांना शेताची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळू पोटरीत येतो, मग कणीस भरतं, दाण्यात दूध धरतं, त्याचाच हुरडा. या दिवसांत शेरडं पिकाच्या वासानं वेडी होतात. जुन्या लाईनीचा बांध उंच, दोन्ही अंगांना शाळूची रानं, आणि बांधावर चरणारी जनावरं टुणकन उडी मारून पिकात उतरतात. म्हणून कणसं भरायला लागली की तिथले शेतकरी बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून त्या बांधावर आडव्या टाकतात. अर्धा अर्धा मैल नुसती काट्यांची अंथरूणं. सुगी होईस्तोवर ती हलत नाहीत. ती कुणाविरुद्ध टाकलेली असतात? आमच्याविरुद्ध. माझ्या आत्याविरुद्ध. खुरात काटे जायचे ते त्याच फांद्यांचे आणि ते मी उपसलेले होते.

मी ते विसरले होते, असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. खोटं आहे. नकाशा काढताना तिसऱ्या मोरीच्या पुढं पेन्सिल थांबली होती. मला आठवलं होतं. पण तिथं काटे लिहायचे तर वच्छी विचारणार, "तुला कसं गं माहीत?" मग शेरडं आली, चिमटा आला, वस्ती आली, सगळं घर अंगणात येऊन उभं राहिलं असतं. 'वडील रेल्वेत आहेत' या वाक्यात शेरडं बसत नव्हती. म्हणून मी तिथं हिरव्या पेन्सिलीनं एक झाड काढलं. चांगलं डेरेदार.

बापानं काटे का सांगितले नाहीत? मला ते सांगायला हवेत, हे त्याच्या मनातही आलं नसणार. आपली पोरगी, तिला काय सांगायचं.

*

निघालो ते पौषात, संक्रांत आठ दिवसांवर आल्यावर. कॉलेजची सहल आहे म्हणून वच्छीनं घरी सांगितलं होतं. धुकं होतं. जालना रोडच्या दोन्ही बाजूंची झाडं एकेक करून जवळ यायची आणि मागं जायची. वच्छी पुढं होती. ती त्या दिवशी गात होती, आणि वच्छीला गाता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. करमाडला आम्ही उकळता चहा प्यायलो, तिची बोटं कपाला चिकटून बसली होती. म्हणाली, "भाग्यश्री, तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?" मी मान वाकडी करून हसले.

पहिली मोरी बुटकी होती. दुसरीत खरंच वटवाघळं होती. बांधावरून शाळूची रानं खाली दिसत होती, कणसांवर दंव, कुठंतरी आगटीचा धूर, आणि हुरडा भाजल्याचा तो गोड करपट वास. तेवढे तीन मैल मी सुखी होते. आयुष्यातल्या सुखाचा हिशेब कुणी मागितलाच तर ते तीन मैल मी पुढं करीन, आणि ते चोरीचे होते हेही सांगेन.

तिसऱ्या मोरीशी लिंब होता. लिंबाच्या पुढं काटे होते.

वच्छीच्या दोन्ही चाकांतली हवा बसली. माझ्या पुढच्या चाकातली. फांद्या नजर पोचेल तिथपर्यंत पसरल्या होत्या. वच्छी गुडघ्यावर बसून बोटांनी काटे ओढायला लागली, तिच्या बोटातून रक्त आलं. तेवढ्यात मोरीखालून घंटा वाजल्या आणि पंधरा-वीस शेरडं वर आली. त्यांच्यामागं काठी टेकत एक बाई. डोक्यावर घोंगडीची खोळ, कमरेला चिमटा. नवा केला असावा.

तिनं आधी सायकलींकडं बघितलं. "आगं बया. कुणी सांगितलं तुमाला ह्या वाटंनं याया? सुगीत काटी अस्तीय हितं." आणि वच्छीच्या हातातून चाक ओढून घेऊन ती खाली बसली आणि भराभर काटे उपसायला लागली. "कुटं निगालाव?"

"खाणीच्या गावाला," वच्छी म्हणाली. "माझी आत्या तिथं मास्तरीण आहे. आज गाठलीच पाहिजे."

"मास्तरीणबाई व्हय? वळखती की मी. सायकली ठिवा लिंबाखाली, कुणी न्हाय नेत. खालनं शेळवाट हाय, वढ्यावढ्यानं. पायी नेती तुमाला. दुपारच्या आत पोचिवती."

वच्छीचा चेहरा उजळला. मला तो अजून दिसतो.

मी तोवर पाठमोरी उभी होते. शेरडांचा वास येतो म्हणून रुमाल नाकाला लावला होता, त्या रुमालाला अत्तरही लावलेलं होतं. बाई उठली, माझ्या समोर आली आणि थबकली. रुमालाच्या वरून डोळे बघितले, मग हळूच, शेरडाच्या पिलाला लावावा तसा हात लावून रुमाल खाली केला.

"भागे?"

मी ओढणी सारखी केली.

"आगं, भागीच न्हवं का तू? नाक तर आमच्या नान्याचं हाय."

नाना म्हणजे माझा बाप. ते नाक मला लहानपणापासून आवडत नसे. बसकं, टोकाला रुंद.

मी हसले. शहरातल्या मुली अडाणी माणसाशी बोलताना हसतात तशी. म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय, बाई. मी नाही तुम्हाला ओळखत." वर आणखी म्हटलं, "आणि आम्हाला वाट माहीत आहे. नकाशा आहे."

गंगू आत्यानं रुमालावरचा हात काढून घेतला. माझ्याकडं नाही, त्या सलवारीकडं, ओढणीकडं, पायातल्या बुटांकडं बघितलं. "आसंल," ती म्हणाली. "माझीच चूक झाली, बाई. म्हातारपणी दिसत न्हाय नीट." मग तिनं शेरडांना हाक घातली आणि उतरून गेली. घंटा बराच वेळ वाजत होत्या.

वच्छी माझ्याकडं बघत होती. मग तिनं सायकल उचलली. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन फांद्यांतून चाललो. चौथ्या मोरीच्या तीनही कमानी दगडांसाठी कुणीतरी काढून नेल्या होत्या, तिथं नुसता खड्डा आणि खड्ड्यात बाभूळबन. बापाचा वारा तेवढा होता. शेळवाट शोधायला खाली उतरलो तर शाळूत शिरलो, राखणदार गोफण घेऊन ओरडत आला. ऊन डोक्यावर आलं. माझी ओढणी फाटली आणि मी रडायला लागले. मी रडले, वच्छी नाही. "चल माघारी," वच्छीच म्हणाली. करमाडपर्यंत ढकलत नेलेल्या त्या सायकलींचा आवाज, बसलेल्या टायरचा, फटक फटक फटक, असा होता.

करमाडला मामांच्या ओळखीचा एक व्यापारी चहा पीत बसलेला होता. आमच्या आधी बातमी छावणीत पोचली.

*

माघात लग्न झालं. मी गेले होते. वच्छीची मास्तरीण आत्या आली होती, हळदीच्या ताटापासून लांब बसून सारखी म्हणत होती, "मला कुणी चार ओळी लिहिल्या असत्या गं." मी तिच्या शेजारीच बसले होते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्या दिवशी. भूक कशी लागते माणसाला, देव जाणे.

वच्छीचं वाईट झालं असं नाही. नवरा मारत नव्हता, घरात खायला होतं, तीन मुलं झाली. लोक यालाच चांगलं झालं म्हणतात. ती पुन्हा भेटली ती चाळीस वर्षांनी, बसस्टँडवर, नातवाला शाळेचं दप्तर घ्यायला आलेली. बाकावर बसून आम्ही भजी खाल्ली. नातवाला ती पाटीवर 'ग' गिरवून देत होती. अक्षर अजून रेखीव. मग पाटीवरून डोळे न उचलता तिनं विचारलं, "ती बाई तुझी कोण होती गं?"

"कोण बाई?"

"भागे म्हणाली होती तुला. तुझ्या दाखल्यावर मी वाचलं होतं ना, भागीरथी."

माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. "तुला कळलं होतं? मग तेव्हा बोलली का नाहीस? तिच्याबरोबर गेली का नाहीस?"

वच्छीनं 'ग' पुसला. "तुला लाज वाटली असती," ती म्हणाली.

एवढंच. तिची बस लागली. तिच्याजागी मी असते तर बसमध्ये चढता चढता एक शिवी तरी दिली असती. तिनं नातवाकडून मला टाटा करवला.

आणि गंगू आत्या. तिनं बापाला कधीच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, बापाच्या हातची एक बसली असती आणि फिटलं असतं. माझ्या लग्नात ती मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसली होती, घोंगडी घडी करून मांडीवर. मी पाया पडायला गेले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी रहा, बाई." बाई. मरेपर्यंत मला तिनं भागे म्हणून हाक मारली नाही. तशी हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

माझ्या मुलांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना एवढं माहीत आहे, की आईचे वडील रेल्वेत होते.

*

शनिवारी सईनं चाकांत हवा भरली, पाण्याच्या बाटल्या भरल्या. पाच मिनिटांत बेत झाला होता. मी दाराशी उभी होते.

"तिसऱ्या मोरीच्या पुढं बांधावर काटे असतील," मी म्हटलं. "हुरड्याच्या दिवसांत टाकतात. शेरडांसाठी."

"आमचे टायर भारी आहेत, आज्जी." मग ती थांबली. "पण तुला कसं गं माहीत?"

साठ वर्षं थांबले होते त्या प्रश्नासाठी. तोंड उघडलं. शेरडं, चिमटा, वस्ती, आत्या, सगळं जिभेवर होतं.

"वडील रेल्वेत होते ना माझे," मी म्हटलं. मान जराशी वाकडी झाली असावी.

रविवारी ऊन कलताना पोरी परत आल्या, धुळीनं माखलेल्या, खिदळत. दोघींच्या चाकांची हवा गेलीच होती. सई बूट काढता काढता सांगत होती, "खाणीपर्यंत गेलो, आज्जी! सातवी मोरी पण बघितली. काट्यांच्या तिथं खाली एक आजी शेरडं चारत होत्या, त्यांनी वाट दाखवली. हुरडा दिला. आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणे, कुणाची गं तू? म्हटलं, शहरातली. तर म्हणे, न्हाय, तुजं नाक तर आमच्यातलं दिसतंय! आम्ही एवढं हसलो ना, आज्जी, एवढं हसलो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? म्हणाल्या, आसंल, माझी चूक झाली."

पोरी पुन्हा हसायला लागल्या. मीही हसले. पदर नाकावर कधी गेला ते माझ्या ध्यानात आलं नाही.